चार गावं मिळून काम उभं करायचंय? सोलापूरकडच्या नवीन मंडळींसाठी अगदी सुरुवातीपासून

मला वरचेवर फोन येतात, कधी करमाळ्याकडनं, कधी मंगळवेढ्याकडनं, आणि सुरुवात ठरलेली असते, ताई आमच्या गावात काहीतरी सुरू करायचंय, पोरं सगळी पुण्याला चाललीत, बायकांच्या हाताला काम नाही, कुठली योजना आहे सांगा की. मी म्हणते योजनेचं नंतर बघू, आधी तुमच्याबरोबर येतील अशा शेजारच्या तीन गावांची नावं सांगा. इथं बरेच जण गप्प होतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय, जे नव्यानं सुरुवात करतायत त्यांच्यासाठी, बचत गटवाल्या बायका असोत, नवीन सरपंच असोत नाहीतर शिकून गावात परत आलेली पोरं-पोरी. मी दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या गावांत बचत गटांचं आणि पुढं शेतकरी कंपनीचं काम करत आलेय, त्यामुळं उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

एकट्या गावाचं का भागत नाही ते आधी सांगते. आमच्या एका गटाला पुण्याच्या दुकानदारानं कडक भाकरीची ऑर्डर दिली, आठवड्याला दोन हजार नग. गटात अकरा बाया, त्यातल्या चौघी खुरपणीला जाणाऱ्या, एकीच्या सुनेचं बाळंतपण. ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालून मळायचं, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून परत चुलीच्या कडेला उभी करून कुरकुरीत होईस्तोवर वाळवायची, म्हणजे एक बाई मन लावून बसली तरी दिवसाला शंभराच्या आसपासच होतात, आणि रोज बसणं कुणालाच शक्य नसतं. पहिला आठवडा कसाबसा गेला, दुसऱ्या आठवड्याला नगच भरले नाहीत आणि ऑर्डर गेली. पलीकडं सहा किलोमीटरवरच्या गावात तसेच दोन गट रिकामे बसले होते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला आजही त्याची रुखरुख आहे.

शेतमालाचंही तेच. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल आपल्या सांगोल्यावरनं पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, पंतप्रधानांनी ऑनलाइन झेंडा दाखवला होता. डाळिंब एवढ्या लांब गेलं कारण डबा भरायला कितीतरी गावांचा माल एका स्टेशनावर आला. एका शेतकऱ्याचे पन्नास क्रेट घेऊन कुठली रेल्वे निघत नाही.

पायरी १ : परिसर ठरवा, आणि तो तालुक्याच्या नकाशावरनं ठरवू नका

आपल्या जिल्ह्यात ११ तालुके आहेत पण लोकांचं येणंजाणं काही तालुक्याची हद्द बघून होत नाही. बार्शीच्या बाजाराला धाराशिव जिल्ह्यातले भूम-परांड्याचे लोक येतात. सांगोल्याचं डाळिंब आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचं डाळिंब, दोन्ही एकाच पट्ट्यातलं. अक्कलकोटकडं कित्येक घरांत कन्नड बोलतात, सोयरीक आळंद-कलबुर्गीला. तर कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: आठवडी बाजाराला कुठं जाता, कुठल्या एसटीनं नाहीतर वडापनं (माणसं भरून जाणाऱ्या खासगी जीपनं) जाता, आणि लेकी कुठल्या गावांत दिल्यात. तिन्हीत जी गावं परत परत येतील तो तुमचा परिसर. सुरुवातीला तीन ते पाच गावं पुरे, आणि सगळी अशी हवीत की सकाळी निघालेली बाई मीटिंग करून दुपारच्या स्वयंपाकाला घरी पोचली पाहिजे. दहा-बारा गावं घेऊन सुरुवात करणारे मी बघितलेत, त्यांचा व्हॉट्सअप ग्रुप मोठा होतो आणि काम होत नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेवा, सरकारी कामं जिल्हा-तालुक्यानुसारच चालतात. त्यामुळं नोंदणी एका ठिकाणची ठेवा, व्यवहार हद्दीपलीकडं करायला काही अडचण नाही.

पायरी २ : घरोघर जाऊन वही भरा

ही पायरी लोक टाळतात, कारण कंटाळवाणी आहे. पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या, गावाला निदान तीन-चार दिवस. दोघंदोघं जा, एक बाई एक पोरगा असं चांगलं पडतं, आणि दुसऱ्या गावच्या माणसानं आपल्या गावात फिरावं, आपण त्यांच्या, म्हणजे ओळखीच्या घरांतच जाणं होत नाही. काय विचारायचं, तर घरात काय पिकतं आणि त्यातलं कच्चं किती विकलं जातं, घरातलं कोण कामासाठी बाहेर असतं आणि कुठल्या महिन्यात (ऊसतोडीला जाणारं घर दिवाळीनंतर रिकामं असतं, तेव्हा मीटिंग ठेवून काय उपयोग), कुणाला काय येतं, आणि महिन्यातले किती दिवस हाताला काम नसतं.

"कुणाला काय येतं" हे नीट विचारा. सरळ विचारलं तर बायका म्हणतात आम्हाला काय येतंय. एका गावात एक मावशी असंच म्हणाल्या, मी वही मिटून निघाले होते, तेवढ्यात त्यांनी ताटलीत शेंगाचटणी आणून ठेवली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाचा वास अख्ख्या ओसरीभर. विचारलं तर कळलं आजूबाजूच्या चार गावांत लग्न असलं की चटणी यांच्याकडनंच जाते, वीस वर्षं झाली, आणि पैसे कधी कुणी दिले नाहीत, साडी देतात. आता हे कौशल्य वहीत कसं लिहिणार? आम्ही लिहिलं, "चटणी, एका वेळी दहा किलो, प्रमाण तोंडपाठ, शिकवू शकतात." पुढं आमच्या बाकीच्या गावांतल्या बायकांना त्याच मावशींनी शिकवलं.

ज्यांना जमीन नाही त्यांची घरं सुटू देऊ नका. शेतकऱ्यांची यादी तलाठ्याकडं मिळते, मजुरांची कुणाकडंच नसते, आणि कामाची गरज तिथंच जास्त असते.

पायरी ३ : एकच वस्तू नाहीतर एकच काम निवडा

वही भरली की डोक्यात दहा कल्पना येतात, शेळीपालन, पापड, गांडूळखत, शिवणकाम. एकच घ्या. निवडताना एवढं बघा की महिनाभरात पहिली विक्री होईल का, आणि निदान तीन गावांना त्यात वाटा मिळेल का. भाकरीचं उदाहरण घ्या, एका गावाकडं मालदांडी ज्वारी चांगली, दुसऱ्याकडं गिरणी आणि जागा, तिसरं हायवेच्या फाट्यावर म्हणून पॅकिंग आणि माल चढवणं तिथं. काम असं गुंफलं गेलं की कुणी सहज सुटून जात नाही.

नावाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडं सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, सोलापूर डाळिंब, मंगळवेढा ज्वारी यांना भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. म्हणून कुठल्याही ज्वारीच्या पाकिटावर मंगळवेढ्याचं नाव छापता येत नाही, माल त्या भागातला हवा आणि तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ती करून घ्या, त्या नावानं दर चांगला मिळतो, पण नोंदणीआधी छापखान्यात जाऊ नका.

पायरी ४ : गिऱ्हाईक आधी, ट्रेनिंग नंतर

हे मी पोटतिडकीनं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं मुलींचं शिलाईचं ट्रेनिंग झालं, तीन महिने, सर्टिफिकेटं वाटली, फोटो काढले. सोलापूर गणवेश शिवण्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथं शहरात कामाला लागतील असं आम्ही धरून चाललो. चौकशीला गेलो तेव्हा कळलं की कारखान्यात जुकीवर म्हणजे पॉवर मशीनवर काम चालतं आणि आमच्या मुली पायमशीनवर शिकलेल्या. शिवाय सुट्टी साडेसातला आणि आमच्याकडं येणारी शेवटची एसटी त्याआधीच निघून जाणारी. अठ्ठावीस मुलींपैकी सहाजणी टिकल्या, त्याही शहरात मावशी-आत्याकडं राहायची सोय होती म्हणून. मुलींची काहीच चूक नव्हती, आम्हीच उलट्या बाजूनं सुरुवात केली होती.

आता आम्ही आधी काम देणाऱ्याकडं जातो. चिंचोळीची एमआयडीसी, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, टेंभुर्णी-कुर्डुवाडीकडचे उद्योग, पंढरपुरातली हॉटेलं आणि भक्तनिवास, डाळिंबाची पॅकहाऊसं, साखर कारखाने. प्रत्येक ठिकाणी वहीत लिहून आणायचं, माणसं किती हवीत, नेमक्या कुठल्या मशीनवर नाहीतर कामावर, पगार हातात किती, शिफ्ट किती वाजता सुटते, बायकांसाठी संडास-बाथरूम आहे का, आणि यायची सोय काय. चार गावांतनं मिळून वीस-पंचवीस जण एकाच ठिकाणी जाणार असतील तर गाडीचं बोलता येतं, दोघं-तिघं असतील तर कुणी ऐकून घेत नाही. आमच्या एका मार्गावर असंच ठरलं, अर्धं भाडं मालकाचं अर्धं कामगारांचं, आणि गाडी चारही गावांच्या फाट्यावर थांबते.

अजून एक उपयोगाची गोष्ट, ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन अप्रेंटिसशिपचं कोण बघतं ते विचारा, आणि परिसरातल्या कंपन्यांची यादी घेऊन जा.

मग ट्रेनिंग. स्वतःचा धंदा करायचा असेल तर आरसेटी, म्हणजे बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, तिथं राहणं-जेवण-शिकणं सगळं मोफत असतं. नोकरीसाठी आयटीआय, आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्र, त्यासाठी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव घाला. शेतीतल्या कामासाठी खेड आणि मोहोळ इथली कृषी विज्ञान केंद्रं. डाळिंबाचं काहीही असेल, छाटणी असो, तेल्या रोग असो, तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासनं, देशभरातले लोक तिथं शिकायला येतात आणि आपल्याच जिल्ह्यातली कित्येक पोरं गेटच्या आत गेलेली नाहीत. डाळिंबाची छाटणी नीट येणारी टोळी तयार केली तर सांगोल्यापासनं आटपाडीपर्यंत काम मिळतं, आणि ही टोळी एका गावाची नसावी, कारण बहार एकदम येतो तेव्हा माणसं कमी पडतात.

पायरी ५ : संस्था कुठली करायची

घाई करू नका. पहिले सहा महिने साध्या गटावर भागतं. बचत गट १० ते २० बायकांचा, त्याच्यावर गावचा ग्रामसंघ, त्याच्यावर प्रभागसंघ, ही उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची रचना आपल्याकडं आहेच, आणि प्रभागसंघ म्हणजे मुळात अनेक गावांचं एकत्र येणं, नवीन काही शोधायची गरज नाही. नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाचही गोष्टी वर्षभर चोख ठेवलेल्या गटाला बँकही दारात उभं करून घेते.

माल जास्त झाला, मोठ्या खरेदीदाराशी करार करायची वेळ आली, तेव्हा शेतकरी उत्पादक कंपनी. नोंदणीला निदान १० उत्पादक सभासद लागतात, संचालक ५ ते १५, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत, हे मला फार आवडतं, कारण मोठ्या बागायतदाराला आणि दीड एकरवाल्या ताईंना सारखंच मत. पण कंपनी काढणं सोपं आणि चालवणं अवघड. दरवर्षी ऑडिट, आरओसीकडं म्हणजे कंपनी निबंधकाकडं कागद, सीएची फी, हे सगळं विक्री असो-नसो करावंच लागतं. म्हणून आधी बघा की तुमच्या तालुक्यात एखादी कंपनी आहे का, असेल आणि हिशेब उघडा ठेवत असेल तर तिचेच सभासद व्हा. नावापुरत्या कंपन्या आपल्याकडं कमी नाहीत. संचालक निवडताना प्रत्येक गावचा निदान एक घ्या, आणि बायका नावाला नको, सहीचा अधिकार असलेल्या हव्यात.

पायरी ६ : पैसा

आधी स्वतःचा, मग बँकेचा, मग अनुदानाचा, हा क्रम मोडू नका. सभासदानं शंभर रुपये जरी घातले तरी तो मीटिंगला येतो आणि विचारतो माझ्या शंभराचं काय झालं, हा प्रश्न फार मोलाचा आहे. केंद्राच्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत घेतलेल्या कंपन्यांना सभासदांनी भरलेल्या भागभांडवलाइतकंच अनुदान मिळतं, माणशी २,००० पर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत, सपाट भागात निदान ३०० सभासद लागतात. गोदाम, ग्रेडिंग, कोल्ड स्टोरेज असलं काही उभारायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. छोट्या प्रक्रिया उद्योगासाठी पीएमएफएमई म्हणजे केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, त्याचं तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं. मुदत आणि अटी बदलत राहतात म्हणून प्रत्यक्ष जाऊनच विचारा, आणि "साहेब, करून देतो" म्हणणाऱ्या मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा (एफएसएसएआय) नोंदणी पहिल्या पाकिटाच्या आधी करा.

ऑफिसला जाताना एकटं जाऊ नका, चार गावचे चौघं जा, सोबत ती घरोघरची वही न्या. आकड्यांसकट बोलणाऱ्या माणसाला खुर्ची मिळते हे मी स्वतः अनुभवलंय. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ तर एकाच जिल्ह्यासाठीचं आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट हवेच असतात, पॅकिंग, हिशेबाची एक्सेल शीट, मार्केट सर्व्हे अशी कामं मागितली तर मिळतात.

पायरी ७ : गावागावांत काय ठरलं ते कागदावर

भांडणं पैशावरनं कमी आणि न बोललेल्या गोष्टींवरनं जास्त होतात. आमचं पहिलं भांडण फुटलेल्या भाकऱ्यांवरनं झालं. पॅकिंगच्या गावात पेटी उघडली तर तीसेक भाकऱ्यांचा चुरा. थापणाऱ्या म्हणाल्या टेम्पोत फुटल्या, टेम्पोवाला म्हणाला आधीच फुटलेल्या होत्या, आणि दोन गावच्या बायका आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी झेडपी शाळेच्या ओसरीत बसून एका पानावर लिहिलं. माल देताना मोजून दोघींच्या सह्या, शंभरात पाचपर्यंत तूट सगळ्यांच्या खात्यावर, त्यापुढची ज्याच्या हातात माल होता त्याच्यावर, चुरा वेगळ्या पिशवीत भरून विकायचा आणि त्याचे पैसे गाडीभाड्यात. (तो चुरा शेंगाचटणी आणि कांदा घालून खायला लोक मागून नेतात, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला तेव्हा सगळ्यात आधी तोच संपला.)

तुमच्याही पानावर एवढं तरी असू द्या: कुठल्या गावाचं काम कुठलं, दर किती आणि तो कोण बदलू शकतं, पैसे किती दिवसांत, नुकसान कुणाचं, आणि एखाद्या गावाला बाहेर पडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. अक्कलकोटकडं असाल तर पान मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत वाचून दाखवा. बैठक दर महिन्याला वेगळ्या गावात, चहा त्या गावाचा. हिशेबाची वही मात्र फिरती नको, एकीकडंच राहू द्या, आणि प्रत्येक बैठकीत सुरुवातीलाच मोठ्यानं वाचा, विषय कितीही गर्दीचे असले तरी.

ग्रामसभेतही हे काम एकदा मांडा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शेड, वीजजोड, रस्त्याचा तुकडा असलं काही घालता येतं, आणि चारही गावांच्या आराखड्यात एकमेकांना पूरक कामं आली, म्हणजे एकीकडं शेड, दुसरीकडं वाळवणाचा ओटा, तर चार अर्धवट शेडं उभी राहत नाहीत. आराखडा कधी बनतो ते ग्रामसेवकाला विचारून ठेवा, बैठक संपल्यावर जाऊन उपयोग नसतो.

सुरुवात करणार असाल तर या आठवड्यात एवढंच करा, तुमच्या बाजाराच्या दिवशी शेजारच्या तीन गावांतली एकेक ओळखीची बाई नाहीतर माणूस गाठा, चहा घ्या, आणि वही कुठल्या वारी कुठल्या गल्लीपासनं भरायची ते तिथंच ठरवून उठा. ज्वारी काढणीच्या नाहीतर ऊसतोडीच्या दिवसांत तारीख धरू नका, घरं बंद असतात.